बोटचिन्ह

कागदाच्या मधोमध गाळाचा एक अंगठा उमटला होता. बाकी काही नाही.

"काका, हे काय?" चित्रकार बाईंनी विचारलं.

"बोटचिन्ह," माळीकाका म्हणाले. "मुकादम म्हणाले, ज्याला जमेल त्यानं आणून द्यावं, साहेब बघणार आहेत."

बाईंना हसू फुटलं. मुकादमांनी सांगितलं होतं बोधचिन्ह. शहरातल्या सगळ्या बागांसाठी एकच, निसर्ग आणि वारसा दोन्ही दाखवणारं. माळ्यांनाही काही सुचलं तर द्यावं, एवढाच निरोप होता.

"आणि बोटाचा ठसा कुणाला कशाला हवा असेल?"

"हजेरीचं मशीन माझा अंगठा घेत नाही, ताई. मातीत झिजला. दोन महिने रोज कामाला येतोय आणि रोज गैरहजर लागतोय. म्हटलं, चला, कुणाला तरी अक्कल सुचली, कागदावर मागतायत." काकांचा आवाज खाली आला. "या महिन्यानंतर नाव कमी करणार म्हणे."

बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

टेबलावर बोधचिन्हासाठी त्यांनी काढलेलं चित्र पडलं होतं. समितीतल्या प्रत्येकानं "तेवढं एक घाला" म्हणत त्यात पक्षी, पूल, बुरूज आणि कमळ कोंबलं होतं. झाकण न लागणारी ट्रंक झाली होती त्याची. बाईंनी ते बाजूला सारलं. मशीनला न सापडलेल्या रेघा गाळानं बरोबर उचलल्या होत्या. त्यांनी ठशावर पातळ कागद ठेवला आणि एकेक रेघ शाईनं गिरवली. मधून एक तिरकी, कोरी रेघ जात होती, तीही तशीच सोडली.

मग "मी कशाला, मी कशाला" म्हणणाऱ्या काकांना घेऊनच त्या साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेब बराच वेळ बघत राहिले. "आपली टेकडी झकास उतरलीय. मधून नदी. वा." मग चष्मा कपाळावर गेला. "पण बाई, हा निसर्ग झाला. वारसा कुठाय?"

"हा यांचा अंगठा आहे, साहेब. आपलं मशीन यांना ओळखत नाही. दोन महिने गैरहजर आहेत हे."

साहेबांनी दाराशी उभ्या काकांकडे पाहिलं. काकांना वाटलं, चूक आपलीच निघाली.

"साहेब, ती नदी नाही," ते चाचरत म्हणाले. "खुरपं लागलं होतं. टेकडीवर पहिली रोपं लावली ना, तेव्हा. नुसता मुरूम होता तिथं."

खिडकीतून टेकडी दिसत होती. म्हणजे झाडंच दिसत होती.

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"बसा," ते म्हणाले. "कुठल्या तारखेपासून गैरहजर धरलंय आम्ही तुम्हाला?"