तालीसपत्र

“दिसलं नाही,” सून म्हणाली आणि तिने डोळे उघडले.

सासऱ्यांच्या हातातला कागद तिथेच थांबला. सगळे त्यांना नाना म्हणत. उभा जन्म त्यांनी शब्दकोशात घालवला होता, आणि आता त्याची नवी आवृत्ती निघत होती. कामाचा नियम जुनाच: एकाने अर्थ वाचायचा, दुसऱ्याने डोळे मिटून ऐकायचा. वस्तू डोळ्यांपुढे उभी राहिली तर ‘दिसलं’ म्हणायचं, मगच तो शब्द छापायला जायचा. या नियमावर नानांनी भल्याभल्या पंडितांना कागद फाडून घरी पाठवलं होतं. त्यांनी स्वतः लिहिलेल्या अर्थाला मात्र आजवर कोणी ‘दिसलं नाही’ म्हटलं नव्हतं.

“पुन्हा वाचतो,” नाना म्हणाले. “तालीसपत्र. एक औषधी पान.”

“कुठल्या झाडाचं?”

“औषधाच्या झाडाचं. रोज सकाळी खोकल्यासाठी त्याचं चूर्ण मधातून चाटतो मी. झाडाची चौकशी केली नाही म्हणून खोकला थांबायचा राहिला नाही.”

दाराशी स्टुलावर बसलेला छापखान्याचा फोरमन हसला आणि लगेच घड्याळाकडे बघायला लागला. त्याला ‘त’ची पानं न्यायची होती. तिकडे मशीन थांबून होतं.

“ते फरच्या झाडाचं पान आहे, नाना,” सून म्हणाली.

नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. फरचा विषय निघाला की घरातली माणसं जपून बोलत. कोशाच्या प्रस्तावनेतलं त्यांचं सगळ्यात गाजलेलं वाक्य फरवरच होतं: ‘फर या झाडाला आपल्या भाषेत शब्द नाही, जे झाड भाषेने पाहिलंच नाही, त्याला ती हाक कशी मारणार?’ भाषणात हे वाक्य आलं की नाना क्षणभर थांबत, टाळ्यांना जागा ठेवून. आणि टाळ्या पडतही.

“फरला आपल्याकडे शब्द नाही,” ते म्हणाले. “देवदार आहे, मूळ देवदारू. त्यातला दारू म्हणजे लाकूड, देवाचं लाकूड. फोरमन, तुम्ही हसू नका. चीड, म्हणजे पाइन, हा झाडाचा शब्द हिंदीतून आला, सुरू फारसीतून. फर आपण इंग्रजांकडून घेतला आणि त्यांनी तो उत्तरेच्या खलाशांकडून उचलला, म्हणजे उसन्याचा उसना. आणि तुझ्या तालीसपत्राबद्दल वैद्यांतच वाद आहेत.”

“आहेत. तेही माझ्या अर्थात लिहिलंय मी.”

तिने आवाज चढवला नाही. तिची खात्री होती. पण ज्यांच्याकडून आपण हे काम शिकलो त्यांचंच वाक्य मोडायचं, याचं तिला मनापासून वाईट वाटत होतं. तरी चुकीचा अर्थ आज छापून गेला असता तर पुढच्या आवृत्तीपर्यंत तसाच राहिला असता, आणि पुढच्या आवृत्तीला नाना नसणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तिने पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक डहाळी काढली आणि त्यांच्यापुढे ठेवली. वनस्पती उद्यानातल्या मैत्रिणीकडून मागून आणलेली.

“चिमटीत धरून फिरवून बघा. चिडाच्या सुया जुडीने येतात. या एकेकट्या आहेत, चपट्या, टोकाला बोथट.”

नानांनी एक पान तोडलं आणि चिमटीत धरलं. ते फिरेना. मग त्यांनी ते सरळ तोंडात टाकलं. कुठलीही गोष्ट चावून बघायची त्यांची जुनी खोड होती, पेन्सिलीसुद्धा त्यातून सुटत नसत. जबडा हळूहळू हलला आणि थांबला. त्यांनी शाईच्या दौतीशेजारची चूर्णाची बाटली ओढली, चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं, मग पुन्हा एक पान. फोरमन घड्याळ बघायचं विसरला.

“इतकी वर्षं,” नाना म्हणाले, “मी हे झाड चाटतोय.”

सुनेला हसूही आलं आणि भरूनही आलं.

“मग प्रस्तावना?” नानांनी विचारलं.

“तिला मी हात लावलेला नाही, नाना. ती तुमची आहे.”

नानांनी डहाळी पुन्हा ओल्या फडक्यावर ठेवली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले.

“वाच.”

तिने आपला कागद उचलला. “तालीसपत्र. उंच, थंड डोंगरांवर वाढणाऱ्या फरच्या झाडाचं पान. वाळवून औषधात घालतात. काही वैद्य दुसऱ्या एका झाडाच्या पानालाही हेच नाव देतात. पान चपटं, टोकाला बोथट. या झाडाचं शंकूच्या आकाराचं फळ चिडासारखं अख्खं खाली पडत नाही. ते फांदीवर ताठ उभं असतं आणि पिकलं की उभ्या उभ्याच खवला खवला झडतं. मधली दांडी तेवढी फांदीवर राहते.”

ती थांबली. नानांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी हात पुढे केला.

“प्रस्तावनेचं पान दे. लाल पेन्सिलही.”

तिने दोन्ही त्यांच्या हातात दिलं. फोरमन पिशवी काखेत मारून उठला.

“म्हणजे दिसलं ना, नाना? नेऊ का मी पानं?”

“थांबा,” नाना म्हणाले. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. “अजून झडतंय.”