सुमनची पाठवणी

सुमन मांडवाबाहेर आली आणि भाईदासने, तिच्या बापाने, क्लॅरिनेट ओठांना लावली.

बँडवाल्यांच्यात रिवाजच आहे तसा. त्यांच्या मुलीच्या लग्नात बँड ठरवावा लागत नाही. तालुक्यातले सगळे बँडवाले आपापली वाद्यं घेऊन येतात आणि दिवसभर हौसेने वाजवतात. त्या दिवशी चोपड्यात पाच बँडांची माणसं जमली होती. पाठवणी मात्र बापाची. मुलगी मांडवातून निघाली की बापाने सुरू करायचं आणि ती गाडीत बसेपर्यंत वाद्य खाली घ्यायचं नाही. मध्येच थांबलं तर मुलीचा संसार मध्येच थांबतो म्हणे. हा नियम बहुतेक एखाद्या ढोलवाल्याने केला असावा. त्याला फुंकावं लागत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी भाईदासला स्वच्छ सांगितलं होतं. डावा डोळा काचबिंदूने गेला, तो आता येत नाही. उजव्याचं ऑपरेशन करून पाहू, पण फुंकणं आजपासून बंद. दम लावून फुंकलं की डोळ्यातला दाब चढतो.

"थोडं थोडं चालेल का?" बिडीबद्दल विचारावं तसं भाईदासने विचारलं होतं.

"एक मिनिटही नको," डॉक्टर म्हणाले होते.

हे ऐकायला सोबत एकटी सुमन होती. बांगड्या भरायला जातो असं घरी सांगून तिनेच त्याला नेलं होतं. परतताना एस.टी.त त्याने तिला शपथ घातली. तुझ्या मायला सांगायचं नाही, सोयऱ्यांच्या कानावर तर मुळीच जायला नको. लग्न पार पडू दे, मग बघू. तेव्हापासून ओठ फुटलाय अशी थाप मारून त्याने सगळी लग्नं आपल्या जोडीदारावर, वनावर, ढकलली होती. सुमन पाहुण्यांत हसत वावरत होती. काल हळदीच्या वेळी तिने हळूच एवढंच विचारलं होतं, "आबा, वनाकाका वाजाडी लेतीन ना?"

"तुना बाप जित्ता शे अजून," भाईदास म्हणाला होता.

मांडवापासून गाडीपर्यंत ऐंशीएक पावलं. पण पाठवणीची पावलं म्हणजे काय सांगावं. मुलगी आईच्या गळ्यात पडते, मग मावशीच्या, काकूच्या, आणि जिच्याशी वर्षभर नळावर भांडली त्या शेजारणीच्याही. अर्धा तास कुठेच गेला नाही. एका पाटलाच्या मुलीने सव्वा तास लावला होता आणि भाईदास सव्वा तास वाजवत उभा होता. त्या गावात अजून त्याचं नाव निघतं.

आज पहिल्याच लांब सुराला त्याच्या उजव्या भुवईच्या वर कळ उठली. मानेच्या शिरा तटतटल्या. आखाजीचं, अक्षय्य तृतीयेचं ऊन नुसतं भाजत होतं. समोरच्या पांढऱ्या अँबॅसिडरभोवती त्याला रंगीत कडी दिसायला लागली. डॉक्टरांनी त्याबद्दलही सांगून ठेवलं होतं.

सुमनने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ती चालू लागली.

तिची आई मंजुळाबाई दोन्ही हात पसरून उभी होती. सुमन वाकली, पायांना हात लावला आणि पुढे झाली. आत्या भागाबाई रडायची तयारी करूनच सरसावली होती, ती तशीच राहिली. उपरण्याची गाठ ताणली गेली तेव्हा नवरदेव गडबडला आणि जवळजवळ धावत तिच्यामागे निघाला. बोदवडचे वऱ्हाडी हसले. मैत्रिणी बाजूला सारत सुमन गाडीपाशी पोहोचली, दार तिनेच उघडलं आणि आत बसली.

"आबा," तिने खिडकीतून हाक मारली. "बसनू मी. आते बस करा."

भाईदासने क्लॅरिनेट खाली घेतली. सगळी मिळून दोन मिनिटं झाली असतील. ढोलवाल्यांना काही उमगलंच नाही, ते आणखी थोडा वेळ बडवत राहिले आणि मग खजील होऊन थांबले. गाडी निघाली. सुमन समोर बघत होती, चेहरा कोरडा ठणठणीत.

मग बायांची तोंडं सुटली.

"कितली घाई सासरनी," भागाबाई म्हणाली. "टिपूस बी नई काढं पोरनी."

भाईदास ओट्यावर टेकला होता, उजव्या डोळ्यावर तळहात दाबून. बापच तो, रडणारच, म्हणून लोकांनी त्याला एकटं सोडलं. तो रडतही होता. पोरीने आपल्यासाठी काय टाकून दिलं ते या मांडवात त्याला एकट्याला ठाऊक होतं. उठावं आणि सगळ्यांना ओरडून सांगावं असं त्याला फार वाटलं. पण वऱ्हाडाची मॅटाडोर अजून दारातच होती, आणि शपथ तर त्याचीच होती.

मंजुळाबाई त्याच्याजवळ येऊन बसली. तिचे हात अजून कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"मनाजोडे घडीभर उभी बी नई राहिनी," ती म्हणाली. "तुमनं वाजाडनं बी पुरं व्हऊ दिधं नई तिनी."

भाईदासने डोळ्यावरचा हात काढला नाही.

"नई व्हऊ दिधं," तो म्हणाला.