पांढरी पट्टी

बारशाच्या घरी दारातच हळदीकुंकवाच्या ताटात 'रेवा' नावाच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. "आधी रेवा लावा, मग आत या," तृप्तीच्या वहिनीची आई प्रत्येकाला सांगत होती. ओठांना टेकवलेली पट्टी पांढरी राहिली की माणूस आत, निळी झाली की बाहेर जिन्यात.

तृप्तीची पट्टी निळी झाली. ओठावर साधा फोडसुद्धा नव्हता. पण पट्टीतली प्रतिपिंडं तान्ह्या बाळाच्या जिवावर उठणाऱ्या हर्पिसच्या विषाणूचं प्रथिन अचूक पकडतात, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? प्रयोगशाळेत ती तिनंच तर घडवली होती.

"ताई, तू आत्या. बाळाच्या कानात नाव तूच सांगायचंस," तिचा भाऊ निनाद रडवेला झाला. "जरा लांबूनच सांग ना. एवढ्यानं काय होतंय?"

"एवढ्यानंच होतं रे," ती म्हणाली. "बाळाच्या मावशीला सांगू दे."

तो मावशीला सांगायला आत वळला. तृप्तीची मुलगी बारशाआधीच गेली होती. पाळणा सजवायचा राहूनच गेला, आणि ठरवलेलं नाव तिच्या कानात सांगायचंही. तेव्हा या पट्ट्या नव्हत्या, आणि तिचे ओठ आजच्यासारखेच नितळ होते. किती पापे घेतले होते तिनं लेकीचे!

आत 'कुर्रर्र' झालं, बायका हसल्या. उशिरा आलेल्या शेजारच्या आजींनी तृप्तीशेजारी उभं राहून पट्टी ओठांना लावली.

"हिला रेवा का म्हणतात गं? कुणी ठेवलं हे नाव?"

"तिच्या आईनं," तृप्ती म्हणाली. "पांढरी आहे, आजी. जा तुम्ही आत."