मुळीचं पथ्य

कोलू भुमकाची मुळी साऱ्या जगाला तारणार होती. तूर्त ती शाळेच्या खिचडीच्या गंजात उकळत होती, आणि जगापैकी पंचवीस-तीस माणसं कोसमटोल्याच्या शिवेवर, आडव्या बांबूपलीकडे ताटकळत होती.

कोरोनाची दुसरी लाट होती. ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात खाट मिळत नव्हती. घुग्घुसला खाणीच्या शिफ्टा अर्ध्यावर आल्या होत्या. आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या या लहानशा गावात कोणी शिंकलंही नव्हतं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. होळी सरताच गावाचा पुजारी, म्हणजे भुमका, कोलू याने गाव बांधलं होतं. शिवेवर बांबू आडवा केला, देवाला कोंबडा दिला आणि लहानथोरांना एका मुळीच्या काढ्याचा एकेक घोट पाजला. पथ्य एकच. बांबू आहे तोवर आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. मिठाचा व्यापारीसुद्धा पोतं बांबूवरून आत टाकून गेला. आठवडी बाजार बुडाले. ठरलेलं एक लग्नही बुडालं. मुळी होतीच तशी जबरदस्त.

ही गोष्ट जगाला कळवली कुलदीप रामटेकेने. तो घुग्घुसच्या खाणीवर सुपरवायझर, शिक्षण बी.एस्सी. घरी म्हातारे वडील, रामाजी, त्यांना दमा. त्या दम्याच्या काळजीने तो मागच्या आठवड्यात मोटारसायकल काढून इथवर आला होता आणि त्याने व्हिडिओ केला होता. ‘मित्रांनो, या गावात एकालाही खोकला नाही!’ व्हिडिओत झोपड्या दिसत होत्या, कोलू दिसत होता, हातातली मुळी दिसत होती. बांबू दिसत नव्हता. मोबाइल हलू नये म्हणून तो बांबूवरच टेकवला होता.

आज कुलदीप रांगेत पहिला होता.

“कोलूभाऊ, माया बापाले दमा हाय,” तो हात जोडून म्हणाला. “दोन घोट द्या. बाटलीत भरून इकडं फेकली तरी चालते.”

कोलू दुखावला. “मुळी फेकाची नसते, भाऊ. माया हातानं घेणाऱ्याच्या हातावर पडली पायजे. वरून फुंकर माराव लागते. नाई तं ते गुण देत नाई.”

इतकी अवघड अट असलेलं औषध खोटं असूच शकत नाही, हे रांगेतल्या सर्वांना पटलं. एकाने हनुवटीवरचा मास्क नाकापर्यंत ओढला, आदराने.

कोलूने पलीकडच्या गर्दीवर नजर फिरवली. त्याच्या दारी आजवर तापाची पोरं यायची, विंचू चावलेले यायचे. मोटारसायकलवाले कधी आले नव्हते. “बांबू काढा,” तो म्हणाला. “पावण्याले असं बाहेर उभं ठेवाचं नसते.”

गंज ढवळत बसलेली त्याची बायको बुधरी उठली. घरात ती गोंडीत भांडायची. आता पाहुण्यांनाही कळावं म्हणून मुद्दाम मराठीत बोलली.

“नका काढू. आपल्याले मुळीनं वाचवलं का बांबूनं, ते तं अगुदर पाहा.”

बांबूच्या दोन्ही बाजू हसल्या.

“बांबू उकळून पेते का वो कोनी?” कोलू म्हणाला.

सगळ्यात जास्त कुलदीप हसला. त्याचं शिक्षण झालेलं होतं.

बांबू निघाला. मग जे झालं ते पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असंच होतं. माणसं चपला काढून आत आली. कोलू एकेकाच्या ओंजळीत काढा ओतायचा, ओंजळीवर वाकायचा, पुटपुटायचा आणि फुंकर मारायचा. घेणारा तेव्हाच मास्क खाली करून तोंड जवळ न्यायचा. दोन कपाळं टेकायचीच राहायची. ब्रह्मपुरीहून आलेला एक माणूस वाटभर खोकत होता. घोट घेताच त्याचा खोकला थांबला. कडूपणाने त्याचा श्वासच अडला होता. पण थांबला हे खरं. “पाहून राह्यले ना?” कोणीतरी कुजबुजलं. गावातल्या बायकांनी आपल्या देवाला हात जोडले. कुलदीपच्या डोळ्यांत पाणी आलं. वर मोहाची झाडं, खाली ती वाफ, आणि मधोमध एक म्हातारा मरणाला फुंकर मारून परत पाठवत होता. खाणीवर असं काही पाहायला मिळत नाही.

दुपारी सरपण संपलं. शिवेवरचा बांबू वाळलेला होता आणि रिकामाच पडला होता. तो फोडून गंजाखाली सारला. पेरं फटफट फुटली, तेव्हा लोकांनी त्यालाही नमस्कार केला.

गर्दी आवरायला थांबलेला कुलदीप, कोलूने फुंकर मारून हातावर ठेवलेली बापाची बाटली घेऊन चौथ्या दिवशी घुग्घुसला पोचला, तो अंगात कणकण घेऊनच. रामाजीने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “तू काऊन खोकून राह्यला बे? जा, वरच्या खोलीत राह्य. खाली उतरू नको.” पोरगा वर, बाप खाली, जेवणाचं ताट जिन्याच्या मधल्या पायरीवर. रामाजीला काही झालं नाही. कुलदीपने वरूनच दुसरा व्हिडिओ टाकला. मुळीची कीर्ती तेलंगणापर्यंत गेली.

कोसमटोल्यात बुधरीने जंगलातून नवा बांबू तोडून आणला. या वेळी तो शिवेवर नाही, स्वतःच्याच झोपडीच्या दारात आडवा बांधला. आंबिलीची वाटी त्याच्याखालून आत सरकवली आणि ती दूर जाऊन बसली.

आत कोलू खोकत होता. काढा अजून अर्धा गंज उरला होता.