आयुधपूजेचं कुंकू

कॉम्प्युटरच्या पडद्यावर हार्ड ड्राइव्हचा चौकोन उगवला, मिलिंदनं त्यावर माउस नेईपर्यंत टिकला आणि गेला. टेबलावरच्या काळ्या डबीतून टक् टक् आवाज आला.

"पाचव्यांदा," मिलिंद म्हणाला. "वायर बदलली, माझ्या लॅपटॉपलाही लावून पाहिलं. दिसतो आणि जातो."

"दिसतो अंदरे, म्हणजे आत सगळं आहे ना?" अंबाजीरावांनी विचारलं.

मिलिंद वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, पुण्याहून नोकरीसाठी आलेला. कॉम्प्युटरचंच काम करतो म्हणून अंबाजीरावांनी दसऱ्याच्या सकाळी त्याला हाताला धरून खाली आणलं होतं. सगळं म्हैसूर मिरवणुकीला जागा धरायला निघालं होतं, आणि हे दोघं पत्त्यांच्या कॅटाएवढ्या डबीवर डोकं घालून बसले होते.

मिलिंदनं मोबाइलचा उजेड डबीच्या खाचेत टाकला. मग सुईच्या टोकानं आतून काहीतरी खरवडून काढलं. तांबूस, सुकलेलं. त्याला चंदनाचा वास येत होता.

"काका, हे काय?"

अंबाजीरावांना बघताक्षणी कळलं. काल आयुधपूजा. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीदेवींनी, पाटावर विळी, कात्री, स्कूटरची किल्ली, अंबाजीरावांचे जुने पाने मांडले होते आणि शेवटी मुलाची, धनुषची ही डबी. सगळ्यांना सारखंच पातळ गंध, वर कुंकू, वर फुलानं पाणी. पूजेच्या दिवशी आयुधांना काम सांगायचं नसतं, म्हणून काल ती कुणी लावलीही नाही. गंध निवांत आत झिरपत राहिलं. मेटगळ्ळीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होते अंबाजीराव, त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं. पण पान्याला कुंकू लावलं म्हणून पाना कधी मेला नव्हता.

"आत पाणी गेलंय," मिलिंद म्हणाला. "वीज मध्येच तुटते आणि आतली सुई तबकडीवर आपटते. मला आधीच बघायला हवं होतं. बंगळुरूला उघडून दुरुस्त करणारे आहेत, सोमवारी मी स्वतः घेऊन जातो. पण तोवर जोडू नका, काका. एकदाही नाही. दर वेळी आतलं थोडं थोडं पुसलं जातंय."

"नाही जोडत." अंबाजीरावांनी आवाज खाली आणला. "मिलिंदराव, कुंकवाचं तेवढं घरात बोलू नका."

मिलिंदनं स्वयंपाकघराकडे पाहिलं, मान हलवली आणि तो जिना चढून गेला.

धनुषला जाऊन दीड वर्ष झालं होतं. एच. डी. कोटेच्या रस्त्यावर मोटारसायकलला अपघात झाला, मोबाइलचा चुरा झाला. त्याचं हसणं-बोलणं जे काही उरलं ते या डबीत. मावशीला पुरणपोळ्या देऊन ये म्हणून लक्ष्मीदेवींनीच त्याला त्या दिवशी धाडलं होतं. तेव्हापासून त्या घरात पुरण शिजलं नाही. रोज जेवणानंतर दोघं जण दोन मिनिटांचा एक व्हिडिओ बघत, भांडी मग घासली जात.

लक्ष्मीदेवी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"झालं का हो?"

"सोमवारी बंगळुरूला न्यायचं म्हणतो तो."

"अय्यो, बंगळुरूला कशाला? परवा चेन्नाग, छान चालत होतं की." त्या डबीकडे बघत राहिल्या. "काल पाटावर तर मीच ठेवलं होतं." पुसता पुसता त्यांचे हात थांबले. "अहो, मी काही केलं का हो?"

हाच प्रश्न तिनं अंबाजीरावांना दीड वर्षापूर्वी इस्पितळाच्या पायरीवर बसून विचारला होता. तेव्हाही ते नाही म्हणाले होते, आणि तिला ते अजून पटलेलं नव्हतं.

"तू काय करणार? वायर सैल झालीय, अष्टे."

"खरं?"

"खरं म्हणजे? फिटरला विचारतेस?"

लक्ष्मीदेवींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि अगदी पडद्याजवळ बसल्या.

"मग सुम्ने, नुसतं एकदा लावा की. वायर हातानं दाबून धरा. तोंड तेवढं बघते."

"सोमवारी बघू ना."

"वायरच ना? मग सोमवारपर्यंत कशाला?"

नाही म्हणायला अंबाजीरावांकडे एकच कारण होतं. ते त्यांनी जिभेपर्यंत आणलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि गिळलं. त्यांनी वायर लावली.

चौकोन उगवला. त्यांनी घाईघाईनं दोनदा क्लिक केलं. गच्ची दिसली, दोरीवरचे कपडे दिसले, कपडे बाजूला सारत धनुष पुढे आला आणि हसला.

"अम्मा, इकडे ब—"

पडदा रिकामा झाला.

लक्ष्मीदेवींनी नवऱ्याचा दंड धरला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या.

"अम्मा म्हणाला! ऐकलंत? मी उगीच भ्याले बघा. सगळं आहे आत."

"हो."

"लावा, लावा, अजून एकदा लावा."

अंबाजीरावांनी वायर काढली आणि पुन्हा लावली.