बारीक पीठ

गव्हाचा डबा कमरेवर घेऊन शाल्मली पिठाच्या गिरणीच्या पायरीशी थांबली. कानांवर आवाज अडवणारे निळे हेडफोन होते.

"अगं, कुकरच्या शिट्टीला घाबरून पळणारी तू! आईला पाठव," रांगेत तिच्या मागे उभ्या असलेल्या प्रमिलाकाकू ओरडल्या.

एकोणिसाव्या वर्षी ती एकटीनं बाहेर पडायला शिकत होती. आधी वाचनालय, मग पोस्ट, मग सकाळची मंडई. गिरणीचं काम आज तिनंच मागून घेतलं होतं. पीठ न घेता परतली असती, तर दादानं पुन्हा तिला एकटीला कुठं सोडलं नसतं.

आत पट्टा फिरला, जमीन थरथरली. ती मागे फिरली, दोन पावलं चालली आणि थबकली. "परत नाही जाणार," ती मोठ्यानं म्हणाली आणि तडक आत शिरली.

आत त्या घरघराटात कुणीच बोलत नव्हतं. गिरणीवाल्या आप्पांच्या कानांतही कापसाचे बोळे! त्यांनी अंगठ्यावर बोट घासून भुवया उंचावल्या. कसं दळू? तिनं चिमूट घट्ट आवळून दाखवली. बारीक.

पीठ पडू लागलं. तिनं चिमूटभर बोटांत चोळलं. रवाळ लागलं. तिनं ठामपणे नकारार्थी मान हलवली. आप्पांनी हसून दगड जवळ आणणारं चाक आवळलं आणि पीठ पुन्हा वर ओतलं.

दारातून प्रमिलाकाकू उशिराबद्दल हातवारे करत काहीतरी बोलत होत्या. शाल्मलीला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. पीठ मनासारखं होईपर्यंत ती तिथून हलली नाही.