मेणाचा पाय

यरुशलेमच्या चर्चमधला, येशूला क्रुसावर चढवलं त्या कालवारीकडे नेणारा उभा दगडी जिना चढून फिलोमिनानं पिशवीत हात घातला, आणि तिच्या काळजात धस्स झालं.

नवरा पुन्हा चालू लागला तर मेणाचा पाय क्रुसापाशी वाहीन, असा तिचा नवस होता, आणि आता तो काठी टेकत का होईना, चालू लागला होता. वसईहून जपून आणलेला तो पाय, बेथलेहेम पाहून येईस्तोवर तापलेल्या बसमध्ये वितळून नुसता गोळा झाला होता.

“मेल्या उन्हानं घात केला. आता देवापुढं काय ठेवू?” ती रडू लागली.

नवरा धापा टाकत मागून वर आला. गोळा बघून म्हणाला, “रडतेस कशाला? खरा पाय आणलाय की मी.”

फिलोमिनानं वळून पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. काठी तो खालीच विसरून आला होता.